टेपचं दुसरं टोक

चोडणच्या फेरीतून उतरल्यावर
मानशीच्या बांधावरून वीस मिनिटं,
मग खाजनाच्या कडेला एक कपेल.
नकाशात तिला नाव नाही, नुसता क्रॉस.
नाव विचारलं तर पाश्कोल म्हणाला,
"आमी तिका ल्हानशी म्हण्टात."
लहानशी. एवढंच.

टेपचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या.
तो साक्रिस्तांव, वय बहात्तर,
रविवारी घंटा वाजवणारा
आणि उरलेले सहा दिवस वटवाघळांच्या लेंड्या झाडणारा.
"घट्ट धरा हं," मी म्हणते.
"धरलां गो. चाळीस वर्सां धरूनच आसां."

लांबी बेचाळीस फूट तीन इंच.
रुंदी दाराशी एकोणीस,
वेदीशी अठराला दोन बोटं कमी.
काटकोन एकही नाही.
चिरे जांभ्याचे, हाताने ताशलेले,
दाराच्या भिंतीवर टाकीच्या रेघा उलट्या तिरक्या:
कोणी डावखुरा होता, आणि निवांत होता.
वेदीमागचा उजवा, घाईतला.
पावसाळा जवळ आला असणार,
किंवा पैसे संपत आले असणार.

खिडकीला शिंपल्यांची तावदानं.
चोवीसांतली नऊ उरली.
बाकी ठिकाणी पत्रा, आणि एका चौकटीत
निवडणुकीच्या पोस्टरचा तुकडा,
अर्धा हसणारा.
वेदीच्या खांबांवर द्राक्षवेल,
पण सुताराने द्राक्षं पाहिलेली नव्हती.
त्याने जांभळांचे घोस लावले,
पानं सुरंगीची,
आणि वर मुलामा दिला, मनापासून.

मग बाहेरून फिरलो.
बाहेरच्या मापातून आतलं वजा केलं:
दक्षिणेची भिंत दोन फूट.
उत्तरेची सव्वापाच.
टेप पुन्हा लावली. सव्वापाच.
पाश्कोल पायरीवर बसला,
टोपी काढून तिच्यात बघत राहिला.
"भितर आनीक एक वणत आसा," तो म्हणाला.
आत आणखी एक भिंत.

त्याच्या बापाच्या वेळी गिलावा पडला होता,
पानाच्या ताटाएवढा.
मागे काळा दगड. जांभा नव्हे, काळा,
आणि त्यावर हंसांची ओळ,
एकामागे एक, चोचीत काहीतरी धरून चाललेली.
बापाने शनिवारी रात्री चुना भिजवला,
रविवारच्या मिशाआधी हंस झाकले.
"पाद्रीला सांगितलं नाही?"
"कित्याक? पाद्री बरयतलो.
बरयलें काय कोण तरी येता."
लिहिलं की कोणीतरी येतं.
पेन्सिल माझ्या हातातच होती.

आमच्या घरी सांगतात,
आमची देवी याच बेटावरून
रात्री होडीत घालून पलीकडे नेली.
कुठलं देऊळ, कुठला वाडा, ते कोणी सांगत नाही.
फोंड्यात अशी शंभर घरं असतील.
मी हे पाश्कोलला बोलले नाही.
त्याने मात्र सकाळपासून
माझं आडनाव दोनदा विचारलं होतं.

निघताना त्याने भिंतीच्या पायाशी वाढलेलं गवत उपटलं,
उत्तरेच्याच.
एका जागी ओल्या मातीतून
कसली तरी काळी कड दिसली,
की सावली होती.
त्याने चपलेने माती सारली.
मी टेप गुंडाळत होते.

ऑफिसात छेद काढताना
कापलेली भिंत रेघांनी भरायची असते,
जांभ्याला एक खूण, काळ्या दगडाला दुसरी.
दक्षिण भरली. वेदी भरली. घंटेची कमान भरली.
उत्तरेची भिंत सव्वापाच फूट रुंद
कोरी ठेवली आहे.
सोमवारी साहेब विचारतील.

टेप धुतली, पाण्यात पांढरा चुना सुटला.
दुसऱ्या टोकाला, त्याची बोटं होती तिथे,
मेणबत्तीच्या मेणाचा पातळ थर होता.
नखाने निघाला नाही.